मदत हवी आहे: एलएस म्हणतो १०० जीबी, डीयू म्हणतो ७.४ जीबी

मंडळी, जरा मदत करा. माझ्याकडे लिनक्सवर एका व्हर्च्युअल मशीनची (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा कॉम्प्युटर) रॉ इमेज आहे, म्हणजे तिची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये. फाइलींची यादी देणारी एलएस -एलएच कमांड दिली की ती १०० जीबी दिसते आणि व्यापलेली जागा मोजणारी डीयू -एच दिली की ७.४ जीबी. आधी वाटलं फाइलच बिघडली, पण आतली सिस्टिम नीट चालते. मग कळलं ही स्पार्स फाइल आहे, जिथे कधी काही लिहिलंच नाही तिथे डिस्कचे ब्लॉक (जागेचे छोटे तुकडे) दिलेलेच नसतात, होल म्हणजे रिकामी पोकळी असते, आणि वाचायला गेलं की शून्यं मिळतात. खात्री करायला ट्रंकेट कमांडने १ जीबीची रिकामी फाइल बनवली, डीयूने ० दाखवलं, मग शेवटी इको कमांडने एक अक्षर जोडलं तर ४ केबी, म्हणजे बरोब्बर एक ब्लॉक. इथपर्यंत डोक्यात शिरलं.

पण काल तीच इमेज एससीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवणारी कमांड) दुसऱ्या मशीनवर टाकायला लावली, तिथे ६० जीबी मोकळी होती, ७.४ आरामात मावेल म्हणून उठून गेलो, परत येऊन बघतो तर डिस्क फुल आणि तिथला डेटाबेस बंद पडलेला. त्यावर इतर लोकांचं काम चालतं, फार वाईट वाटलं. तर खरा आकडा कुठला धरायचा आणि होल तसेच ठेवून फाइल हलवायची कशी?

प्रतिसाद: दोन्ही आकडे खरेच आहेत. एलएस फाइलची लांबी सांगतो, डीयू व्यापलेले ब्लॉक. एससीपीला होल कळत नाहीत, तो शून्यं वाचून पाठवतो आणि पलीकडे ती खरोखर लिहिली जातात. आधी व्हीएम बंद करा आणि आरसिंकला (फाइल कॉपी करणारी कमांड) कॅपिटल एसचा पर्याय द्या, म्हणजे होल तसेच राहतील, टार करणार (फाइली एकत्र बांधणार) असाल तर त्यालाही तेच. वेळ लागेल, कारण आरसिंकला शून्यंही वाचावी लागतातच. होलच्या जागी शून्यं लिहिली जाऊन आधीच फुगलेली फाइल असेल तर फॅलोकेट -डी ही कमांड शून्यांचे ब्लॉक सोडवते. आणि एक सांगतो, व्हीएम लिहीत गेली की ही फाइल १०० जीबीपर्यंत वाढू शकते, ६० जीबीच्या जागेत ठेवणार असाल तर डीएफवर (मोकळी जागा दाखवणारी कमांड) लक्ष ठेवाच.

धागाकर्ता: खूप आभार! अर्धवट फाइल उडवली, आरसिंकने टाकली, झालं. पण पलीकडे डीयू ७.१ दाखवतोय, मूळपेक्षा कमी, काही राहिलं का?

प्रतिसाद: नाही राहिलं. मूळ फाइलमध्ये काही ठिकाणी शून्यं खरोखर लिहिलेली असणार, आरसिंकने त्यांचेही होल केले. दोन्हीकडे शा२५६सम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढून बघा, जुळेल.