मदत हवी आहे: वरच्या मजल्यावर रेन शॉवर चालेल का?

नमस्कार मंडळी,
पुण्यातला जुना फ्लॅट, सगळ्यात वरचा मजला, बाथरूम ५ बाय ७ फूट. टाकीचा तळ शॉवरच्या तोंडापासून जेमतेम १० फूट उंच, म्हणजे प्रेशर फक्त ०.३ बार. ८ इंची रेन शॉवरला निदान दुप्पट तरी हवं, नाहीतर धारेऐवजी थेंबच.

पंप लावायचा तर गार आणि गरम दोन्ही लाइनी एकाच पंपावर हव्यात. नुसत्या गार लाइनीला लावला की मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत घुसतं. गीझर ८ बारपर्यंतचं प्रेशर सोसणारा आहे, त्याची चिंता नाही. पण सामाईक डाउनटेकवर (टाकीतून सगळ्या फ्लॅटना पाणी देणाऱ्या उभ्या पाइपवर) पंप म्हणजे खालच्यांचं पाणी ओढणं, सोसायटी ऐकेल का?
दुसरा पर्याय: टाकीपासून स्वतंत्र १ इंची सीपीव्हीसी (गरम पाणीही चालणारं प्लास्टिक) लाइन आणि साधा ४ इंची शॉवर. पाइप मोठा केल्याने पाणी जास्त येईल, प्रेशर मात्र तेवढंच. यातलं कुणी काय केलंय?

आणखी एक. प्लंबर म्हणतो, जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवू. खालच्यांच्या छताला ओल आहे, त्यामुळे कोबा (फरशीखालचा भरावाचा थर) फोडून, नहाणी ट्रॅपभोवतीचा (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीचा) सांधा नव्याने भरून, वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी तुंबवून बघणंच बरं वाटतं. कोबा काढल्यावर भरावाला विटांचे तुकडे घालावेत की हलके ब्लॉक?

डायव्हर्टरची (पाणी नळाकडे की शॉवरकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हची) बॉडी भिंतीत किती आत ठेवायची, हे टाइल हातात आल्याशिवाय ठरवू नये ना?