‘मिझरी’तली भीती कुऱ्हाडीत नाही

कोंडून ठेवलेल्या लेखक पॉलचं पाऊल त्याची चाहती अ‍ॅनी कुऱ्हाडीनं तोडते, तो प्रसंग हाच ‘मिझरी’चा कळस, असं एक मत वाचलं. मला नाही पटत. स्टीफन किंगच्या या १९८७ च्या कादंबरीत भीती खरी मुरते ती टाइपरायटरमध्ये.

अ‍ॅनी पॉलला ‘रॉयल’ कंपनीचा जुना टाइपरायटर आणून देते, त्यात ‘एन’ अक्षरच नाही. कोंडलेल्या अवस्थेत तो लिहीत असलेल्या कादंबरीची पानं आपल्याला तशीच, हातानं भरलेल्या अक्षरांसकट वाचायला मिळतात. पुढे ‘टी’ जातं, मग ‘ई’. पॉलच्या शरीराचे लचके तुटतायत आणि त्याच्या भाषेचेही. रविवारी कोथरूडच्या आमच्या वाचनगटात एका ताईंनी ती पानं मोठ्यानं वाचून पाहिली. जमेना. ती डोळ्यांनीच वाचायची आहेत. (१९९० च्या चित्रपटात कुऱ्हाडीऐवजी हातोडा आहे, पण अक्षरांची ही पडझड पुस्तकातच भिडते.)

निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी आपण पॉलच्या डोक्याबाहेर पडत नाही. अ‍ॅनी काय करतेय हे त्याला पावलांवरून, गाडीच्या आवाजावरून ओळखावं लागतं, म्हणून आपल्यालाही.

आणखी एक गोष्ट: पॉलनं आधीच्या पुस्तकात मेलेल्या मिझरी या नायिकेला लबाडीनं जिवंत केलं तेव्हा अ‍ॅनीच ते झिडकारते. तिला चमत्कार चालतो, फसवणूक नाही. कैद करणारीच त्याची सर्वांत कडक संपादक ठरते, आणि पॉल पुन्हा लिहितो तो मसुदा खरोखरच सरस उतरतो. मला सर्वांत जास्त हादरवलं ते यानं.