'शिकाऊ पोरांची प्रयोगशाळा' म्हणणाऱ्यांना केईएमबद्दल दोन शब्द

परळकर: परवा इथं कुणीतरी लिहिलंय की परळच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या किंग एडवर्ड मेमोरियल हॉस्पिटलात, शिकाऊ पोरं गरिबांवर हात साफ करून घेतात, महापालिकेनं ते खासगी कंपनीला चालवायला देऊन मोकळं व्हावं. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. २००५ च्या पुरानंतर धाकट्या भावाला लेप्टो (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) झाला, डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी बंद. केईएमच्या मेडिसिन वॉर्डात एक हाऊसमन, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर, असेल पंचविशीचा, रात्रभर दर तासाला वाकून लघवीची पिशवी बघायचा, आकडा तळहातावर लिहायचा, मग केसपेपरवर उतरवायचा. पहाटे चारला मला हलवून उठवलं, म्हणाला 'चाळीस एमएल झाली, किडनी चालू होतेय.' शिकाऊच होता तो. शिकत होता म्हणून तर चार वाजता तिथं होता!

डोंबिवलीकर: पोस्ट माझी आहे. भाऊ वाचला, चांगलंच झालं. पण माझ्या आईचं ऐका. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, सरकारीच होतं. दहा-बारा विद्यार्थी खाटेभोवती, सरांनी चादर बाजूला केली आणि पोटातली गाठ एकेकाला दाबून बघायला लावली. पडदा नाही, 'आजी, चालेल का?' नाही. आई घरी आल्यावर दोन दिवस बोलली नाही.

गिरणगावचा: मुळात 'किंग एडवर्ड' हे नावच गुलामीचं, आधी ते काढा.

परळकर: अहो, ते १९२६ ला उभं राहिलं ते इंग्रजांच्या नाकावर टिच्चून! शेठ गोरधनदास सुंदरदासांच्या ट्रस्टनं हॉस्पिटलला जोडलेल्या मेडिकल कॉलेजसाठी पैसे दिले तेच या अटीवर की नेमणुका लायक भारतीयांच्याच होतील. सरकारी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये आपल्या माणसांना वरच्या जागा मिळत नव्हत्या, ती चीड होती त्यामागे. जीवराज मेहता तिथले पहिले डीन, गांधीजींचे डॉक्टर.

गिरणगावचा: मग तर नाव बदलायलाच हवं! अट भारतीयांची आणि पाटी इंग्रज राजाची?

परळकर: कॉलेजची पाटी जीएसचीच, म्हणजे गोरधनदास सुंदरदासांचीच आहे. आणि लोकमान्य टिळक हॉस्पिटलला तुम्ही काय म्हणता? सायन. पाटी बदलून पेशंटला खाट मिळते का?

गिरणगावचा: खाट मिळत नाही म्हणून इतिहास गिळायचा का? वडील गिरणीत होते, केईएममध्ये गेले. त्यांच्या कागदांवर त्या राजाचं नाव बघितलं की अजून आत कालवतं. तुम्हाला नाही कळायचं.

परळकर: वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. नावाबद्दल मत बदललेलं नाही.

एमएस (सर्जरी) सेकंड इयर: नावाचं नंतर भांडा. १९६८ च्या फेब्रुवारीत केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदयरोपण केलं. पेशंट काही तासच जगला, पण दक्षिण आफ्रिकेत बर्नार्डनं केलेल्या जगातल्या पहिल्या हृदयरोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते, आणि सेन यांच्या टीमनं त्याआधी वर्षानुवर्षं कुत्र्यांवर सराव केला होता. नफा बघणारी कंपनी हे करू देईल? आणि हात साफ करतात म्हणे! आमच्या प्रत्येक ऑपरेशनला डोक्यावर लेक्चरर उभा असतो. अठराशे खाटांचं हॉस्पिटल रात्री कोण चालवतं ते एकदा येऊन बघा.

डोंबिवलीकर: रात्री तुम्ही चालवता, बरं, मानलं. आईच्या पडद्याचं काय?

निवृत्त सिस्टर: मी सांगते. अरुणा शानबाग, आमच्यातलीच नर्स, १९७३ च्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळली; तिला केईएमच्या नर्सेसनी जवळपास ४२ वर्षं सांभाळलं, पाठीला बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) होऊ दिला नाही, आणि ती बोलू शकत नव्हती. म्हणजे जमतं. पडद्याला पैसे लागत नाहीत, तुमचं बरोबर आहे. मी वॉर्डात विद्यार्थ्यांना ओरडायचे, आधी पडदा, मग आजीला विचारा, मग पोटाला हात. सर समोर असले तरी ओरडायचे.

डोंबिवलीकर: तुमच्यासारखी एक सिस्टर त्या दिवशी तिथं असती तर ती पोस्ट मी लिहिली नसती. खासगीकरणाचं वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.