मदत हवी आहे: हरिहरेश्वर ते गणपतीपुळे, किनाऱ्याकिनाऱ्याने पाच दिवस

मीनल_पुणे: शाकंभरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे पुण्याहून निघतोय. ताम्हिणी-माणगावमार्गे हरिहरेश्वर, मग महामार्ग न धरता किनाऱ्याने गणपतीपुळे. पाचव्या दिवशी आंबा घाटातून परत. गाडी सेडान आहे. सोबत आई आहे (वय ७२, गुडघे दुखतात). रोज किती अंतर धरावं? मॅप दाभोळहून गुहागरला चिपळूणमार्गे शंभराच्या वर किलोमीटर दाखवतोय, तो बरोबर आहे का?

खाडीकाठ: मॅपमध्ये 'फेरी टाळा' चालू असेल, ते बंद करा. तुमच्या वाटेवर तीन खाड्या जंगलजेट्टीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) ओलांडायच्या आहेत: बागमांडला-वेश्वी (सावित्री), दाभोळ-धोपावे (वाशिष्ठी) आणि तवसाळ-जयगड (शास्त्री). तिन्हीकडे गाडी बोटीत चढते. आणि मीनलताई, इथे दिवस किलोमीटरवर आखू नका, भरती-ओहोटीवर आखा.

हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, साधारण तेवढ्या वाजता भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक ताडून घ्या.

चतुर्दशी म्हणजे १४ गुणिले पाऊण, साडेदहा. ओहोटी पावणेपाचच्या सुमारास. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा फक्त ओहोटीत होते, तेव्हा साडेतीनला निघा, म्हणजे पाणी अजून उतरत असताना तुम्ही खडकावर असाल. डोंगराच्या घळीतून खाली उतरणाऱ्या पायऱ्या उंच आहेत, पुढे लाटांनी पोखरलेल्या कातळावरून चालायचं आहे. आईंना तिथे नेऊ नका. कातळ काळा आणि ओला दिसतोय तिथपर्यंत लाट येते, तिथे उभं राहू नका. समुद्र खवळलेला असेल तर ओहोटीतही जाऊ नका.

मीनल_पुणे: मग आईसाठी काय?

शृंगारतळीकर: आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. आता गाडी वरपर्यंत जाते आणि वरून सुवर्णदुर्ग दिसतो. गणपतीपुळ्यालाही डोंगराभोवतीची प्रदक्षिणा बांधीव वाटेची आहे, ती त्यांना सावकाश जमेल.

पौर्णिमेला सकाळी बागमांडल्याहून वेश्वी, बाणकोट, वेळास. पुढे केळशीला जाताना रस्ता आत वळतो, अरुंद आहे, घाई करू नका. केळशी-आडे-आंजर्ले हा तुकडा मात्र पाहण्यासारखा आहे. संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव गाठा. प्रतिपदेला दापोलीत टाकी भरून दाभोळ, मुक्काम गुहागर.

द्वितीयेचा दिवस नीट आखा. दोन गुणिले पाऊण, दीड वाजता भरती. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची असते. कातळातल्या अरुंद फटीत लाट घुसते, मागे जागा नसल्याने पाणी उसळून वर फेकलं जातं. उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जोरात असतं, त्यामुळे तुमचा दिवस अगदी योग्य आहे. दहाला गुहागर सोडा, वाटेत वेळणेश्वर करा, पाऊण वाजेपर्यंत हेदवीला पोचा. घळीच्या तोंडाशी वाकून बघू नका. नंतर जेवून तवसाळ-जयगड, आणि दिवस मावळायच्या आत गणपतीपुळे.

खाडीकाठ: सेडानबद्दल राहिलं. उधाणाच्या ओहोटीला पाणी खूप खाली जातं, धक्क्याचा शेवाळलेला उतार उघडा पडतो आणि बोटीच्या फळीशी कोन तीव्र होतो. तिथेच बंपर घासतो. भरतीच्या जवळपासची फेरी मिळाली तर उत्तम. नाहीतर माणसं आधी उतरवून घ्या, गाडी पहिल्या गियरमध्ये अगदी हळू चढवा. बोटीत इंजिन बंद, हँडब्रेक वर, गियर पहिला. शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी वेळ विचारा.

दर्यावर्दी: गाडी पुळणीवर नेऊ नका. ओली वाळू घट्ट वाटते, पण चाक एकदा फिरलं की रुततं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. गणपतीपुळ्याला पोहणंही टाळा. किनारा एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पाय ओढते, चांगले पोहणारेही तिथे बुडाले आहेत. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, आणि ओहोटी लागली की तेवढंही नको.

मीनल_पुणे: दुसऱ्या दिवशी बागमांडल्याची फेरी किती वाजता धरू?

खाडीकाठ: पौर्णिमेची भरती अकरा-सव्वाअकराला. दहाच्या सुमारास धक्क्यावर या, उतार थोडाच उघडा असेल. सुट्टीचा दिवस असेल तर अर्धा तास आधी रांगेत लागा.