पट ६४ असलेल्या मराठी शाळेत मुलाला घालावं का?

चाळकरीण, लालबाग
लेक जूनमध्ये पहिलीला जाईल. पाच मिनिटांवर अनुदानित मराठी प्राथमिक शाळा आहे, मी तिथलीच. तेव्हा एकेका इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या. मी ‘क’मध्ये, काय ते समजून घ्या.

परवा जाऊन आले. पहिलीच्या फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेलं : पट १४, हजर ९. चौथीपर्यंतचे सगळे मिळून ६४. बाईंनी हौसेने जुनं जनरल रजिस्टर काढून माझं नाव दाखवलं. त्या पानावर मातृभाषेच्या रकान्यात वर एकदा ‘मराठी’ आणि खाली नुसत्या ‘कित्ता’च्या, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा. यंदाच्या पानावर हिंदी, मराठी, कन्नड, हिंदी, तेलुगू. एकही कित्ता नाही.

नवरा म्हणतो, चौथीपर्यंत शाळा टिकेल का? सासूबाई म्हणतात, पोरगं हिंदी बोलत घरी येईल. मला दोन्हीची भीती वाटते, पण शाळा आवडली.

निवृत्त बाई, परळ
६४ हा आकडा नीट बघा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. म्हणजे चार पोरांनी दाखले काढले की एक शिक्षक अतिरिक्त, मंजूर संख्येपेक्षा जास्त ठरतो. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात, त्यामुळे गणपतीत गावी गेलेलं कुटुंब तिकडेच राहिलं तर आमच्या पोटात गोळा यायचा. आता तर पोराचं नाव आधार कार्डाशीही जुळावं लागतं. नावात एक अक्षर चुकलं की पोर बाकावर असतं, हिशेबात नसतं. २०११च्या पटपडताळणीत एकच पोर दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावली होती, ते परवडलं!

बाईंना थेट विचारा : मंजूर शिक्षक किती, प्रत्यक्ष वर्गावर किती, आणि कुठल्या इयत्ता एकत्र बसतात? शाळा टिकेल का, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

बदलापूरकर
आमची चाळ पुनर्विकासाला गेली, भाडं परवडेना म्हणून इकडे आलो. दोन्ही मुलांचे दाखले मीच काढले. त्या ६४मधून वजा झालेले आम्हीच. बाकी काय बोलणार.

काळाचौकीचा बाप
माझी मुलगी अशाच शाळेत तिसरीला आहे, त्या ‘हिंदी’ रकान्यातली. आम्ही मूळचे जौनपूरचे, पण मी इथेच वाढलो. काल जेवताना म्हटलं, ‘मी त्याला बोललो.’ तर म्हणते, ‘पप्पा, बोललो नाही, म्हणालो.’ सासूबाईंना सांगा, मधल्या सुट्टीत पोरं हिंदीच बोलतात, खोटं कशाला सांगू? पण खिचडी वाढणाऱ्या मावशी, बाई, कविता, पाढे सगळं मराठीत. इंग्रजी शाळेतली सोसायटीची पोरं तरी खाली खेळताना कुठल्या भाषेत भांडतात?

चाळकरीण, लालबाग
बाईंना विचारून आले. मंजूर तीन, वर्गावर दोन. एक बाई निवडणुकीच्या कामाला. पहिली-दुसरी एकत्र बसते. हे कळल्यावर नवऱ्याचा चेहरा पडला, माझाही थोडा. पण मी तिथे असताना दुसरीतली एक मुलगी पहिलीतल्या मुलाचा हात धरून ‘ळ’ गिरवून घेत होती आणि ओरडतही होती. सोमवारी लेकाला तासभर बसवून बघते.

आणि निवृत्त बाई, तुमच्यामुळे आधार कार्ड काढून बघितलं. सोहमचा ‘सोहन’ झालाय. आधी ते दुरुस्त करून घेते.