प्रतिसाद: ग्रेगोरच्या खोलीतलं सामान

वर कोणीतरी लिहिलंय की काफ्काच्या 'मेटामॉर्फॉसिस' (1915) या दीर्घकथेतला ग्रेगोर किडा होऊन उठतो त्या क्षणीच घराला परका होतो. मला नाही पटत. किडा झाल्यावरही त्याला पहिली काळजी काय, तर पाचची गाडी चुकली, आता ऑफिसात काय सांगायचं. तुटायला लागतं ते आवाजापासून. त्याला सगळ्यांचं बोलणं कळतं, त्याचं कोणाला कळत नाही, आणि मग घरचे धरूनच चालतात की त्यालाही आपलं काही कळत नसणार.

मी इंदूरची, चौथी पिढी. पुण्यात मामेबहिणींना "चल, चहा पिऊन घे" म्हटलं की त्या हसतात, हिंदी बोलतेयस का विचारतात. माझ्यासाठी ती आजीची मराठी आहे हो! काफ्काही चेक बोलणाऱ्या प्रागमध्ये जर्मनमधून लिहीत होता, त्यामुळे तो आवाजाचा भाग मला फार आतून लिहिलेला वाटतो.

आणि सामान हलवण्याचा प्रसंग परत वाचाच. बहीण म्हणते कपाट-टेबल काढू, त्याला सरपटायला जागा होईल, पण आईला वाटतं की असं केलं तर आपण तो बरा होण्याची आशाच सोडली असं होईल, आणि हे ऐकून तो भिंतीवरच्या चित्राला घट्ट चिकटून बसतो. गेल्या वर्षी रामबागेतल्या घरातून आजोबांचं लिहायचं टेबल काढलं तेव्हा फरशीवर चार पायांच्या फिकट खुणा राहिल्या. आई अजून तिथे काही ठेवू देत नाही.