मदत हवी आहे: 'पुल अप' म्हणजे नक्की काय काय?

नमस्कार मंडळी,

लोअर परळला एका विमा कंपनीत मोटर क्लेम्सच्या विभागात नुकतीच लागले आहे. शाळा गिरगावातली, मराठी माध्यमाची. इंग्रजी वाचायला अडचण येत नाही, व्याकरणही बरं आहे. घोडं अडतं ते दोन-दोन शब्दांच्या जोड क्रियापदांपाशी. सध्या डोक्याला ताप आहे 'पुल अप'चा.

सकाळी लोकलमध्ये समोरच्याच्या पेपरात मथळा दिसतो, 'एचसी पुल्स अप बीएमसी ओव्हर पॉटहोल्स'. हायकोर्टाने पालिकेला झापलं, इतकं कळतं (खड्ड्यांवरून दुसरं काय होणार!). ऑफिसात पोचते तर साहेब म्हणतात, 'कॅन यू पुल अप दॅट क्लेम?' इथे झापायचं कुणाला? आणि तो क्लेम उघडला की आत गाडीमालकाचा जबाब: 'द टॅक्सी पुल्ड अप आउटसाइड द गेट.' आता टॅक्सीला कुणी ओढत नेलं, की ती आपली आपण आली?

संदर्भावरून अंदाज बांधते, पण क्लेमच्या कागदावर अंदाज चालत नाही. या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? आणि 'पुल अप हिम' म्हणायचं की 'पुल हिम अप'? जाणकारांनी कृपया सांगावं. डिक्शनरी बघा असं सांगू नका, तिथे बघूनच इथे आले आहे.

प्रतिसाद

घोडं अडलं म्हणालात ना, मग घोड्यापासूनच सुरुवात करू. लगाम खेचला की घोडा मान वर करतो आणि थांबतो. गाडीवान दारात येऊन असा लगाम खेचायचा, म्हणून गाडी 'पुल्ड अप'. घोडे गेले, मोटारी आल्या, शब्द तोच राहिला. आपल्याकडे गेटवे आणि नरिमन पॉइंटला व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, धावायच्या. हायकोर्टाने २०१५ साली त्या बेकायदा ठरवल्या, पण ज्यांनी त्या पाहिल्या आहेत त्यांच्या डोळ्यासमोर ही क्रिया लगेच येईल.

तेव्हा तुमची टॅक्सी कुणी ओढली नाही. ती आली आणि गेटबाहेर थांबली, बस.

झापण्याचा अर्थही लगामातूनच आला. चुकणाऱ्याला मध्येच थांबवायचं, त्याचा लगाम खेचायचा. मात्र ही शिवीगाळ नव्हे, कानउघाडणी किंवा जाब विचारणं. मराठी पेपरवाले याच बातमीला 'खडसावले' नाहीतर 'ताशेरे ओढले' लिहितात. हा वापर मूळचा ब्रिटिश, आपण तिथूनच उचलला. समोर अमेरिकन क्लायंट असेल तर 'रेप्रिमांडेड' लिहा, नाहीतर तो माणूस गाडी शोधत बसेल.

साहेबांच्या 'पुल अप'ला मात्र लगाम लावू नका. तिथे साधं ओढून काढणं आहे, म्हणजे क्लेम स्क्रीनवर आणा. खुर्ची जवळ ओढून बसायला सांगतात तेव्हाही 'पुल अप अ चेअर'च म्हणतात. तण उपटायलाही हेच क्रियापद चालतं.

शब्दांच्या क्रमाचं म्हणाल तर सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: 'पुल हिम अप', 'पुल इट अप'. 'पुल अप हिम' कानालाच खटकतं. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं, 'पुल अप द फाइल' किंवा 'पुल द फाइल अप'. गाडी थांबण्याच्या अर्थात कर्म लागतच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. एक भर: विमान डोंगराच्या फार जवळ गेलं की कॉकपिटमधलं यंत्र 'टेरेन, टेरेन, पुल अप' असं ओरडतं. तिथे थांबलात तर संपलात! नाक वर खेचायचं असतं. आणि क्रिकेटच्या कॉमेंट्रीत बॉलर धावता धावता 'पुल्ड अप' झाला, तर समजा मांडीचा स्नायू गेला.

धागाकर्ती

खूप आभार! व्हिक्टोरियामुळे एकदम डोक्यात बसलं. एक शेवटची शंका. एका जबाबात आहे, 'आय वॉज पुल्ड अप बाय द ट्रॅफिक पोलीस.' हे थांबवलं की झापलं?

प्रतिसाद

दोन्ही निघू शकतं, आणि आपल्याकडे सिग्नल तोडला की बहुधा दोन्ही होतंच. 'बाजूला घे' म्हणून रस्त्याच्या कडेला थांबवलं असेल तर 'पुल्ड ओव्हर' जास्त स्पष्ट. पण तुमचं काम क्लेमचं आहे, तेव्हा जबाब देणाऱ्याला फोन करून विचारा आणि टिपणात सरळ 'स्टॉप्ड' किंवा 'वॉर्न्ड' लिहा.

तुम्ही खरं जपायला हवं ते 'पुल्ड अप' आणि 'पुल्ड आउट' या जोडीला. 'द टॅक्सी पुल्ड अप' म्हणजे टॅक्सी थांबली. 'द टॅक्सी पुल्ड आउट' म्हणजे कडेला उभी असलेली टॅक्सी वाहत्या ट्रॅफिकमध्ये शिरली. धडक नेमकी त्याच क्षणी झाली असेल तर चूक कुणाची, हा सगळा वाद त्या एका शब्दावर फिरतो. ट्रेनला मात्र 'पुल आउट' म्हणजे स्टेशनातून सुटणं आणि 'पुल इन' म्हणजे फलाटाला लागणं. दादरच्या गर्दीत ते कुणाला समजवावं लागत नाही.

जबाब हाताने लिहिलेला असेल तर 'अप' आणि 'आउट' नीट वेगळे वाचता येतात ना, तेही बघा. घाईघाईने खरडलेल्या अक्षरात दोन्ही सारखेच दिसतात.

धागाकर्ती

उद्या जाऊन सगळ्यात आधी ते टॅक्सीचं प्रकरण पुन्हा काढते. म्हणजे, पुल अप करते. :)